दुय्यम पद, अव्वल कार्य

मैदानी स्पर्धा संपल्या की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत विजेत्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते. त्याच्या गावात मिरवणूक निघते, सत्कार होतात. प्रशिक्षकाचे नाव वृत्ताच्या अखेरीस एखाद्या ओळीत येते. परंतु त्या प्रशिक्षकाच्या हाताखाली काम करणाऱ्या सहायकाचे नाव बहुधा कोठेच येत नाही. पहाटे मैदानावर सर्वांच्या आधी पोहोचणारा, प्रत्येक फेरीची वेळ टिपून ठेवणारा, दुखावलेल्या पायाची विचारपूस करणारा आणि मागे पडलेल्या मुलाबरोबर थांबणारा माणूस पुष्कळदा हा सहायकच असतो. अशा एका सहायक प्रशिक्षकाच्या जीवनकार्याचा परिचय करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे. त्याचे नाव विल्यम, ऊर्फ बिल डेलिंजर. कार्यक्षेत्र होते अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठ. शाळेतील शिक्षक, विद्यापीठातील सहायक आणि मग पंचवीस वर्षे मुख्य प्रशिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. १९३४ साली जन्मलेले डेलिंजर २०२५ साली निवर्तले.

विद्यापीठातील मैदानाची रचना

अमेरिकेत उत्तम मैदानी खेळाडू मुख्यतः विद्यापीठांतून घडतात. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना तेथे १९०६ साली स्थापन झाली. १९२१ पासून मैदानी खेळांच्या व १९३८ पासून क्रॉस-कंट्री धावण्याच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा ती भरवीत आली आहे. मैदानी खेळ हे नाव एक असले तरी त्यात अनेक स्वतंत्र विद्या सामावलेल्या आहेत. शंभर मीटरचा धावपटू आणि दहा हजार मीटरचा धावपटू यांचा आहार, सराव, विश्रांती यांत फार थोडे साम्य असते. गोळाफेक, थाळीफेक, भालाफेक, उंच उडी, तिहेरी उडी, बांबू उडी, अडथळ्यांची शर्यत या प्रत्येकाचे तंत्र निराळे. हे सारे एका व्यक्तीला सारख्याच सूक्ष्मतेने शिकविणे अशक्यप्राय होय. म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक नेमले जातात आणि एकेका गटाची जबाबदारी एकेकावर सोपविली जाते.

सहायकाचे स्थान नाजूक असते. धोरण ठरविण्याचा अधिकार मुख्य प्रशिक्षकाचा. त्या धोरणाचे रोजच्या सरावात रूपांतर करण्याचे काम सहायकाचे. संघ जिंकला तर श्रेय वर जाते. एखादा मुलगा जायबंदी झाला तर विचारणा मात्र सहायकाकडे होते. मुले आपल्या अडचणी मुख्य प्रशिक्षकापुढे बोलण्यास कचरतात व सहायकाजवळ मोकळी होतात. मग त्यातील काय वर सांगावे व काय आपल्यापाशीच ठेवावे, याचा विवेकही त्यालाच करावा लागतो.

गुरुपरंपरा

ऑरेगन विद्यापीठ यूजीन या शहरात आहे. १९०४ सालापासून सुमारे चार दशके तेथे बिल हेवर्ड हे प्रशिक्षक होते. तेथील विख्यात क्रीडांगण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांचे विद्यार्थी बिल बॉवरमन हे १९४८ साली त्या पदावर आले. बॉवरमन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने मैदानी स्पर्धांचे राष्ट्रीय अजिंक्यपद चार वेळा मिळविले. डेलिंजर हे या बॉवरमन यांचे शिष्य. १९५४ साली एक मैलाच्या व १९५६ साली पाच हजार मीटरच्या शर्यतीत ते महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेते ठरले.

पदवीनंतर डेलिंजर यांनी हवाई दलात नोकरी केली. त्यांची नेमणूक वॉशिंग्टन राज्याच्या वायव्य टोकावरील नीआ बे या दूरच्या ठिकाणी झाली. तेथे ना धावपट्टी होती, ना बरोबरीने धावणारा सोबती. समुद्राकाठच्या टणक वाळूवर ते एकटेच धावत. अंतर मोजण्याचे साधन नसल्यामुळे ते आपली पावले मोजीत व घड्याळाशी ती ताडून वेग ठरवीत. साधनांच्या अभावी सराव अडत नाही, मोजमापाच्या अभावी मात्र तो भरकटतो, हा धडा त्यांना त्या वाळूवर मिळाला असे म्हणता येईल. पुढील आयुष्यात त्यांच्या हातून स्टॉपवॉच कधी सुटले नाही.

टोकियोतील पावसाळी दिवस

१९५६ साली मेलबर्न व १९६० साली रोम येथील ऑलिंपिक स्पर्धांत डेलिंजर यांनी भाग घेतला. दोन्ही खेपांना पदक मिळाले नाही. १९६४ साली टोकियो येथे ते तिसऱ्यांदा उतरले तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते. १८ ऑक्टोबर रोजी पाच हजार मीटरची अंतिम शर्यत भर पावसात झाली. कोळशाच्या राखेची धावपट्टी भिजून जड झाली होती. ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क, केनियाचे किपचोगे केइनो, फ्रान्सचे मिशेल जाझी असे नामांकित धावपटू स्पर्धेत होते. अखेरच्या फेरीत जाझी यांनी जोराची मुसंडी मारली. परंतु अमेरिकेचे बॉब शूल यांनी त्यांना गाठून सुवर्णपदक पटकाविले. जर्मनीचे हाराल्ड नॉरपोथ दुसरे आले. थकलेल्या जाझींना अगदी अंतिम रेषेजवळ मागे टाकून डेलिंजर यांनी कांस्यपदक मिळविले. दोघांचीही नोंदलेली वेळ १३ मिनिटे ४९.८ सेकंद अशी एकच होती. पहिल्या व चौथ्या क्रमांकांत अवघ्या एका सेकंदाचे अंतर होते.

जो धावपटू दोन ऑलिंपिकमधून रिकाम्या हाताने परततो आणि तिसऱ्या वेळी पदक मिळवितो, त्याला अपयशी विद्यार्थ्याची मनःस्थिती कळते. प्रशिक्षकाला लागणारी ही शिदोरी कोणत्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

शाळेतून विद्यापीठाकडे

ऑलिंपिक पदकविजेता थेट मोठ्या पदावर जाऊन बसावा, असे डेलिंजर यांच्या बाबतीत घडले नाही. स्प्रिंगफील्ड येथील थर्स्टन हायस्कूलमध्ये त्यांनी शिक्षक व प्रशिक्षक म्हणून काम केले. पुढे लेन कम्युनिटी कॉलेज या स्थानिक महाविद्यालयात ते प्रशिक्षक झाले. १९६७ साली बॉवरमन यांनी त्यांना विद्यापीठात सहायक म्हणून बोलावून घेतले.

हा काळ बॉवरमन यांच्या व्यापाचा होता. १९६२च्या अखेरीस न्यूझीलंडला गेले असता तेथील आर्थर लिडियार्ड यांनी सर्वसामान्य नागरिकांसाठी चालविलेली मंदगतीने धावण्याची चळवळ त्यांनी पाहिली आणि ती ऑरेगनमध्ये आणली. त्या विषयावरील त्यांचे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले. १९६४ साली आपला जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याशी भागीदारी करून त्यांनी बुटांचा व्यवसाय सुरू केला. दोघांनी प्रत्येकी पाचशे डॉलर भांडवल घातले होते. त्या व्यवसायाचेच पुढे ‘नायके’ या उद्योगात रूपांतर झाले. १९७२च्या म्यूनिक ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या मैदानी संघाचे मुख्य प्रशिक्षकपदही बॉवरमन यांच्याकडे आले. मुख्य माणूस इतक्या दिशांना ओढला जात असताना विद्यापीठातील लांब पल्ल्याच्या धावपटूंचा दैनंदिन सराव अखंड चालू राहिला, त्याचे कारण सहायक जागेवर होता.

सरावाचे शास्त्र

बॉवरमन यांनी रूढ केलेले मुख्य तत्त्व साधे होते. एक दिवस कष्टाचा, तर दुसरा दिवस हलका. स्नायूंची वाढ श्रमाच्या वेळी होत नसून श्रमानंतरच्या विश्रांतीत होते. रोज थकविणारा सराव दिल्यास खेळाडू बलवान होण्याऐवजी झिजत जातो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको. जमिनीला पाणी जसे पाळीपाळीने द्यावे लागते, तसेच हे आहे.

दुसरे तत्त्व दोन वेगांचे. ‘आजचा वेग’ म्हणजे खेळाडू आज प्रत्यक्ष ज्या वेगाने शर्यत पूर्ण करू शकतो तो. ‘उद्दिष्टाचा वेग’ म्हणजे हंगामाच्या अखेरीस त्याला जो गाठावयाचा आहे तो. समजा, एखादा विद्यार्थी आज एक मैल ४ मिनिटे २० सेकंदांत धावतो. म्हणजे प्रत्येक पाव मैलास त्याला ६५ सेकंद लागतात. त्याचे उद्दिष्ट ४ मिनिटे ८ सेकंदांचे असेल तर पाव मैलास ६२ सेकंदांचा वेग हवा. फरक केवळ तीन सेकंदांचा, पण तो काही महिन्यांत विभागून द्यावयाचा. काही सराव आजच्या वेगाने, काही उद्दिष्टाच्या वेगाने. ठराविक आठवड्यांनी चाचणी आणि चाचणीनुसार आजच्या वेगात सुधारणा. यात अंदाजाला वाव नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद स्वतंत्र ठेवावी लागते आणि ती रोज पाहावी लागते.

या पायावर डेलिंजर यांनी आपली भर घातली. मर्यादा, क्रमाने वाढ, शरीराचे जुळवून घेणे, विविधता आणि सोशिकता ही त्यांची सूत्रे प्रसिद्ध आहेत. शेवटच्या सूत्रासाठी त्यांनी वापरलेल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘घट्टे पडणे’ असा आहे. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला जसे हळूहळू घट्टे पडतात, तशी शर्यतीतील वेगाच्या चढउतारांची सवय शरीराला व मनाला व्हावी, हा त्यातील आशय. त्यासाठीचा त्यांचा एक सराव नावाजलेला आहे. धावपटूने २०० मीटर ३० सेकंदांत धावायचे, लगेच पुढचे २०० मीटर ४० सेकंदांत, आणि न थांबता हे चक्र चालू ठेवायचे. चारशे मीटरची प्रत्येक फेरी ७० सेकंदांची होते. ३० सेकंदांचा वेग टिकेनासा झाला की सराव संपला. प्रतिस्पर्ध्याने मध्येच वेग वाढविला तरी गोंधळून न जाण्याचे शिक्षण यातून मिळते.

स्टीव्ह प्रीफाँटेन

१९६९ साली कूस बे या बंदराच्या गावातून स्टीव्ह प्रीफाँटेन हा तरुण विद्यापीठात दाखल झाला. वडील सुतारकाम करीत, आई शिवणकाम करी. गावातील मार्शफील्ड हायस्कूलचे प्रशिक्षक वॉल्ट मॅक्लूर यांनी त्याची पहिली घडण केली होती. विद्यापीठात त्याच्या रोजच्या सरावाची जबाबदारी मुख्यतः डेलिंजर यांच्यावर आली. हा विद्यार्थी विलक्षण जिद्दी होता. पहिल्यापासून पुढे राहून धावणे ही त्याची वृत्ती. अशा खेळाडूला ढकलावे लागत नाही, आवरावे लागते. दमलेल्या मुलाला पुढे नेण्यापेक्षा उत्साही मुलाला हलक्या दिवशी हलकेच धावावयास लावणे प्रशिक्षकाला अधिक कठीण जाते.

१९७० ते १९७३ या चारही वर्षी प्रीफाँटेन आपल्या अंतराच्या महाविद्यालयीन शर्यतीत राष्ट्रीय विजेता ठरला. क्रॉस-कंट्रीचे वैयक्तिक विजेतेपदही त्याने तीन वेळा मिळविले. म्यूनिक ऑलिंपिकमध्ये पाच हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत तो उतरला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. इस्रायली संघावरील हल्ल्यात अकरा जणांचे प्राण गेल्यानंतरचे ते शोकाकुल दिवस होते. अखेरच्या सुमारे मैलभर अंतरात त्याने धाडसाने आघाडी घेतली. परंतु फिनलंडचे लासे व्हिरेन, ट्यूनिशियाचे मोहम्मद गम्मूदी व अगदी शेवटच्या काही पावलांत ब्रिटनचे इयान स्टुअर्ट त्याच्यापुढे गेले. चौथ्या क्रमांकावर त्याला समाधान मानावे लागले. टोकियोत ज्या जागी जाझी यांना राहावे लागले होते, तीच जागा आठ वर्षांनी डेलिंजर यांच्या शिष्याच्या वाट्याला आली.

३० मे १९७५ रोजी पहाटेच्या सुमारास यूजीन येथे मोटार अपघातात प्रीफाँटेनचा अंत झाला. काही तासांपूर्वीच हेवर्ड क्रीडांगणावर त्याने शर्यत जिंकली होती. वय अवघे चोवीस. त्यावेळी दोन हजार ते दहा हजार मीटरपर्यंतच्या सर्व अंतरांचे अमेरिकन विक्रम त्याच्या नावावर होते. प्रशिक्षकाच्या आयुष्यात याहून मोठा आघात कोणता असू शकेल? तरीही सराव थांबविता आला नाही. त्याच मैदानावर दुसरे विद्यार्थी होते आणि त्यांनाही तेवढेच लक्ष हवे होते.

सहायक ते मुख्य

१९७३ साली डेलिंजर यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद आले. १९७१, १९७३, १९७४ व १९७७ या वर्षी विद्यापीठाने क्रॉस-कंट्रीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. यांतील पहिले ते सहायक असतानाचे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १९८४ साली आपल्याच हेवर्ड क्रीडांगणावर भरलेल्या स्पर्धेत विद्यापीठाने मैदानी खेळांचे अजिंक्यपद पटकाविले. त्या संघातील ब्राझीलचा विद्यार्थी ज्वाकिम क्रूझ याने आठशे व पंधराशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या आणि त्याच उन्हाळ्यात लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आठशे मीटरचे सुवर्णपदक १ मिनिट ४३.०० सेकंदांत मिळविले. क्रूझचे वैयक्तिक प्रशिक्षक लुईझ दे ओलिव्हेरा हे होते. विद्यापीठात आल्यावरही तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली राहिला. दुसऱ्याने घडविलेल्या विद्यार्थ्याला आपल्या मैदानावर जागा देणे आणि त्याच्या गुरूचा मान राखणे याला मनाचा मोठेपणा लागतो.

डेलिंजर यांचे आणखी एक विद्यार्थी अल्बर्टो सालाझार यांनी १९८० ते १९८२ अशी लागोपाठ तीन वर्षे न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. १९८२ साली बोस्टन मॅरेथॉनही जिंकली. हेच सालाझार पुढे स्वतः प्रशिक्षक झाले आणि उत्तेजक द्रव्यांविषयीच्या नियमभंगाबद्दल २०१९ साली त्यांच्यावर चार वर्षांची बंदी आली. एकाच मैदानावर घडलेले विद्यार्थी पुढे कोणत्या वाटेने जातील हे प्रशिक्षकाच्या हाती नसते. वेग शिकविता येतो. मर्यादा शिकविणे त्याहून अवघड असते आणि ते शिक्षण कधीच संपत नाही.

१९९८ साली डेलिंजर निवृत्त झाले. १९०४ ते १९९८ या प्रदीर्घ काळात ऑरेगनच्या मैदानी खेळांची धुरा मुख्यतः तीनच व्यक्तींनी वाहिली. हेवर्ड, त्यांचे शिष्य बॉवरमन आणि बॉवरमन यांचे शिष्य डेलिंजर. मुख्य व्यक्ती बदलली, परंतु ज्ञान नव्याने शून्यापासून जमवावे लागले नाही. सहा वर्षांच्या सहायकपदाच्या काळात ते हस्तांतरित झाले होते. त्या विद्यापीठातर्फे भरविल्या जाणाऱ्या एका क्रॉस-कंट्री स्पर्धेला डेलिंजर यांचे नाव देण्यात आले.

मांडव्यापासून हेवर्ड क्रीडांगणापर्यंत

या दूरच्या मैदानाशी महाराष्ट्राचाही एक धागा जुळलेला आहे. २०२२ सालच्या जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा नव्याने बांधलेल्या हेवर्ड क्रीडांगणावर झाल्या. तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे धावले व अकरावे आले. त्यानंतर काही दिवसांतच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळविले. शाळेसाठी रोज काही किलोमीटरची पायपीट करणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला. तेथे अमरीश कुमार या प्रशिक्षकांनी त्याच्यातील धावपटू ओळखला आणि त्याला स्टीपलचेसकडे वळविले. गुण गावात होता. तो ओळखणारी नजर मात्र सैन्यात गेल्यावर भेटली.

भारतात प्रशिक्षकांच्या शिक्षणासाठी पतियाळा येथे १९६१ साली राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली. १९८५ साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पी. टी. उषा यांचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार व कुस्तीचे मार्गदर्शक भालचंद्र भास्कर भागवत हे त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी होत. हे गौरव उचितच आहेत. परंतु पुरस्कार हे कार्याच्या अखेरीस मिळतात. खेळाडूचे भवितव्य ठरते ते आरंभी, शाळेच्या पटांगणावर.

डेलिंजर यांच्या चरित्रातून शाळा, पंचायत व प्रशासन यांना घेण्यासारख्या गोष्टी खर्चाच्या नाहीत. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस ठेवण्यास निधी लागत नाही. माळरानावर दोरीने मोजून चारशे मीटरची फेरी आखता येते. प्रत्येक मुलामुलीची वेळ, तारीख व तब्येतीची स्थिती एका साध्या वहीत लिहिता येते. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात अचानक सराव वाढवून पोरांचे पाय दुखावण्यापेक्षा वर्षभर क्रमाने वाढविणे हिताचे असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सातत्याची आहे. शिक्षकाची बदली होते, मुले मात्र गावातच राहतात. जाणाऱ्या शिक्षकाबरोबर त्याची माहितीही निघून गेली तर येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो आणि वाढत्या वयाच्या मुलांची दोन-तीन मोलाची वर्षे वाया जातात. ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून शाळेच्या दप्तरात जशी हजेरीची नोंदवही असते, तशी मैदानाची नोंदवही असावी व कार्यभार सोपविताना तीही सोपविली जावी. गावातील एखादा माजी खेळाडू सायंकाळी तासभर मुलांबरोबर उभा राहण्यास तयार असेल, तर त्याला शाळेने व पंचायतीने मानाने सामावून घ्यावे. त्याला पद नसले तरी चालेल. त्याच्या कामाला विचारणारे कोणी तरी असले पाहिजे. बॉवरमन यांनी हाताखालच्या माणसावर विश्वास टाकला आणि डेलिंजर यांनी दुय्यम पदाला दुय्यम काम मानले नाही. ऑरेगनच्या मैदानाचे यश या दोन गोष्टींवर उभे राहिले.